इन्सर्ट तर झालं, आता त्याचा आयडी कुठून आणायचा?

फॉर्म सबमिट झाला, डेटाबेसमध्ये रो पडली, आयडी डेटाबेसनेच ठरवला कारण कॉलम ऑटो इन्क्रिमेंट (आपोआप पुढचा नंबर घेणारा) आहे, आणि आता पुढच्याच ओळीत तो आयडी हवाय कारण दुसऱ्या टेबलात त्याच्या नावाने तीन रो टाकायच्यात. वेब डेव्हलपमेंट शिकताना पहिल्या महिन्यातच हे समोर येतं आणि गंमत म्हणजे याचं चुकीचं उत्तर बरोबर उत्तराच्या आधी सुचतं, शिवाय ते चालतंही, म्हणजे तुमच्या लॅपटॉपवर तरी.

मी ते चुकीचं उत्तर लाइव्ह साइटवर टाकून बसलोय, म्हणून आधी तेच सांगतो.

आमच्या गल्लीतल्या गणेश मंडळाची वर्गणीची पावती ऑनलाइन करायची होती, पीएचपी आणि मायएसक्यूएल, अगदी साधं काम. पावती टेबलात नाव, फ्लॅट नंबर, तारीख. तपशील टेबलात त्या पावतीतल्या एकेक ओळी, म्हणजे वर्गणी वेगळी, महाप्रसादाचे वेगळे, सजावटीचे वेगळे, आणि प्रत्येक ओळीला पावतीचा आयडी लागणार. मी काय केलं, पावती इन्सर्ट केली आणि लगेच खाली सिलेक्ट मॅक्स आयडी फ्रॉम पावती. आत्ताच टाकलीय ना, मग सगळ्यात मोठा आयडी माझाच असणार की. घरी पन्नास वेळा टेस्ट केलं, पन्नासही वेळा बरोबर आलं. मग रविवारी संध्याकाळी दोन कार्यकर्ते दोन मोबाइल घेऊन दोन बिल्डिंगांमध्ये शिरले, एकाने ५०१ ची पावती फाडली, दुसऱ्याने ५,००१ ची, बटण जवळपास एकाच क्षणी दाबलं. एकाची रो ११८, दुसऱ्याची ११९, पण दोघांच्या कोडने मॅक्स विचारेपर्यंत ११९ पडून गेली होती त्यामुळे दोघांनाही ११९ मिळाला. ११८ नंबरची पावती कोरी आणि ११९ वर ५,५०२ रुपये. खजिनदारकाकांचा फोन, "अरे, तुझी साइट दोघांचे पैसे एकाच्याच नावावर का मांडतेय?"

तर डेटाबेसला "सगळ्यात मोठा आयडी कुठला" हे विचारायचंच नाही, "मला आत्ता कुठला दिलास" हे विचारायचं. दवाखान्यात टोकन घेतलं की आपण हातातलं टोकन बघतो, रांगेत शेवटी कोण बसलंय ते जाऊन मोजत नाही, तोपर्यंत मागे दोघं येऊन टेकलेले असतात. ऑर्डर बाय आयडी डिसेंडिंग लिमिट १ हा मॅक्सचाच सख्खा भाऊ, तोही नको. नाव आणि तारीख टाकून रो परत शोधणं पण नको, एकाच सोसायटीत एकाच नावाचे दोन जण निघतात. आणि "मी सगळं ट्रान्झॅक्शनमध्ये टाकलंय, मला काय होणार" असं वाटत असेल (ट्रान्झॅक्शन म्हणजे सगळ्या क्वेरी एकत्र, कमिट केलं तर सगळ्या पक्क्या, रोलबॅक केलं तर सगळ्या रद्द) तर मायएसक्यूएलच्या डिफॉल्ट आयसोलेशनमध्ये (एकाचे बदल दुसऱ्याला कधी दिसतील याचा नियम) तुमचा स्नॅपशॉट, म्हणजे तुम्हाला दिसणारं डेटाचं चित्र, पहिल्या साध्या सिलेक्टला तयार होतो, इन्सर्टला नाही, त्यामुळे तुमच्या इन्सर्टनंतर आणि तुमच्या मॅक्सच्या आधी दुसऱ्याचं कमिट झालं तर त्याची रो तुम्हाला दिसणारच.

(एक आधीच सांगतो, फंक्शनची नावं मी इथे देवनागरीत लिहितोय, एडिटरमध्ये अर्थातच इंग्रजी अक्षरांत टाका, जिथे अंडरस्कोर दिसतोय तिथे अंडरस्कोर.)

मायएसक्यूएलपासून सुरू करू. यात लास्ट_इन्सर्ट_आयडी() नावाचं फंक्शन आहे आणि त्याची किंमत प्रत्येक कनेक्शनपुरती वेगळी ठेवलेली असते. म्हणजे त्याच सेकंदाला दुसऱ्या शंभर लोकांनी इन्सर्ट केलं तरी तुमच्या कनेक्शनला तुमचाच नंबर मिळणार, लॉक लावायची गरज नाही. पीएचपीत पीडीओ (डेटाबेसशी बोलायचं एक एक्स्टेन्शन) वापरत असाल तर प्रिपेअर, एक्झिक्यूट, आणि लगेच पुढच्या ओळीत लास्टइन्सर्टआयडी(). हे कनेक्शनच्या ऑब्जेक्टवर बोलवायचं, स्टेटमेंटच्या नाही, नवीन मुलं इथे हमखास अडकतात. मायएसक्यूएलआय हे दुसरं एक्स्टेन्शन असेल तर कनेक्शनची इन्सर्ट_आयडी ही प्रॉपर्टी वाचायची. जुन्या ट्युटोरियलमध्ये मायएसक्यूएल_इन्सर्ट_आयडी() दिसलं तर ते पान बंद करा, ते सगळं जुनं एक्स्टेन्शन पीएचपी ७ मधून म्हणजे २०१५ सालीच काढून टाकलंय.

पीडीओकडून येणारा आयडी स्ट्रिंग असतो, आकडा नाही. बहुतेक वेळा काही बिघडत नाही पण तीन बरोबरच्या चिन्हांनी तुलना करत असाल किंवा जेसनमध्ये पाठवत असाल तर समोरचा जावास्क्रिप्टवाला बोंब मारतो. इंट करून घ्या.

आता शून्याची गोष्ट, कारण "मला शून्यच येतोय" ही तक्रार सगळ्यात जास्त ऐकू येते. शून्य यायची माझ्या माहितीतली कारणं अशी की टेबलात ऑटो इन्क्रिमेंट कॉलमच नाही, किंवा इन्सर्टच फेल झालंय आणि तुम्हाला कळलंच नाही. हे शेवटचं जुन्या पीएचपीत फार व्हायचं कारण पीडीओ आधी गपचूप एरर गिळायचं, ८.० पासून ते डिफॉल्टलाच एक्सेप्शन फेकतं आणि मायएसक्यूएलआय ८.१ पासून. तिसरं कारण सगळ्यात छळवादी. इन्सर्ट आणि आयडी विचारणं याच्यामध्ये तुम्ही दुसरी क्वेरी चालवलीत. मध्ये ऑटो इन्क्रिमेंट नसलेल्या टेबलात लॉग लिहिला, मध्ये सिलेक्ट केलं, किंवा मध्ये कमिट केलं. हो, कमिटसुद्धा. ड्रायव्हर शेवटच्या स्टेटमेंटने दिलेला आयडी सांगतो, आणि कमिट झालं की शेवटचं स्टेटमेंट कमिट, त्याचा कुठला आयडी? म्हणून क्रम पक्का ठेवा: बिगिन, इन्सर्ट, आयडी व्हेरिएबलमध्ये, मग तपशिलाची इन्सर्टं, मग कमिट. तसंही तपशिलासाठी आयडी कमिटच्या आधीच लागतो त्यामुळे नीट लिहिलेल्या कोडला हा त्रास होतच नाही, होतो तो शेवटी रिडायरेक्टसाठी आयडी आठवणाऱ्यांना.

आणि शून्य आला आणि टेबलांवर फॉरिन की (तपशिलातला पावती आयडी पावती टेबलात असलाच पाहिजे हा नियम) नसेल तर डेटाबेस तक्रार करणार नाही, तपशिलाच्या रो पावती आयडी शून्य लावून मुकाट पडत राहतील आणि महिन्याने अनाथ रो गोळा करत बसावं लागेल. फॉरिन की लावा, ती अशावेळी जागच्या जागी ओरडते.

एकाच इन्सर्टमध्ये दहा रो टाकल्या तर मायएसक्यूएल पहिल्या रोचा आयडी देतो, शेवटच्या नाही. उरलेले त्यात एक-एकची बेरीज करत काढता येतील असं वाटतं आणि साध्या सिंगल सर्व्हरवर, रोंची संख्या आधीच माहीत असलेल्या इन्सर्टला ते चालतंही, पण गॅलेरासारख्या क्लस्टरमध्ये (अनेक सर्व्हर मिळून एक डेटाबेस) ऑटो इन्क्रिमेंटचं पाऊल एकाचं नसतं, तीन नोड असतील तर तीन-तीनने उड्या. सगळे आयडी हवेच असतील तर लूपमध्ये एकेक टाका, शंभर रोंना काही फरक पडत नाही.

"असेल तर अपडेट, नसेल तर इन्सर्ट" म्हणजे ऑन डुप्लिकेट की अपडेट वापरताय? तिथे जुनी रो अपडेट झाली तर तिचा आयडी सरळ मिळेल याचा भरवसा नाही. त्याला एक छान युक्ती आहे, अपडेटच्या भागात आयडी = लास्ट_इन्सर्ट_आयडी(आयडी) असं लिहायचं. कंसात काही दिलं की हे फंक्शन तीच किंमत लक्षात ठेवतं, मग रो नवी असो की जुनी, नंतर विचारल्यावर बरोबर आयडी येतो. ही युक्ती लक्षात ठेवा, खाली परत लागणार आहे.

नोड जेएसवाल्यांसाठी (वरचे क्लस्टरचे नोड नव्हेत) वेगळी सूचना. नोडमध्ये बहुतेक जण कनेक्शन पूल, म्हणजे आधीच उघडून ठेवलेल्या कनेक्शनांचा साठा, वापरतात, आणि पूलवर एक क्वेरी इन्सर्टची मारली आणि दुसरी सिलेक्ट लास्ट_इन्सर्ट_आयडी() ची मारली तर दोन्ही एकाच कनेक्शनवरून जातील याची खात्री नाही. टोकन एका खिडकीवर घेतलं आणि नंबर दुसऱ्या खिडकीवर विचारला असं होतं, आणि यात वाईट हे की बऱ्याचदा शून्य येत नाही, कुणाचा तरी जुना पण खरा दिसणारा आयडी येतो. मायएसक्यूएल२ लायब्ररीत इन्सर्टच्या रिझल्टमध्येच इन्सर्टआयडी असतो, तोच घ्या, दुसरी क्वेरी नकोच.

पोस्टग्रेसमध्ये हा सगळा पसारा एका शब्दात मिटतो. इन्सर्टच्या शेवटी रिटर्निंग आयडी लिहायचं आणि इन्सर्टच सिलेक्टसारखा रिझल्ट देतो. २००६ च्या ८.२ व्हर्जनपासून आहे. दहा रो टाकल्या तर दहा आयडी येतात, आयडीबरोबर डेटाबेसने डिफॉल्टने भरलेली तारीख हवी असेल तर तीही मागता येते. पायथनमध्ये सायकोपीजी वापरत असाल तर एक्झिक्यूटनंतर फेचवन करून पहिला घटक घ्या, आणि कर्सरच्या लास्टरोआयडीकडे बघू नका, सायकोपीजी२ मध्ये ती प्रॉपर्टी भलतीच गोष्ट सांगते, तुमचा प्रायमरी की नाही. करव्हॅल() आणि लास्टव्हॅल() हीपण फंक्शनं आहेत आणि सेशनपुरतीच असल्याने मॅक्सइतकी धोक्याची नाहीत, पण लास्टव्हॅल() शेवटी जो सीक्वेन्स (पोस्टग्रेसचं नंबर वाटणारं काउंटर) हलला त्याचा आकडा देतं, तुमच्या टेबलावर ट्रिगर (इन्सर्ट झालं की आपोआप चालणारा कोड) असेल आणि तो दुसऱ्या टेबलात लिहीत असेल तर आकडा त्या टेबलाचा. रिटर्निंग असताना त्या वाटेला का जा? फक्त एक फसगत, ऑन कॉन्फ्लिक्ट डू नथिंग बरोबर रिटर्निंग लावलं आणि रो आधीपासून असली तर रिझल्ट रिकामा येतो, काही टाकलंच नाही तर परत काय देणार. तेव्हा कोडमध्ये रिकाम्या रिझल्टची सोय ठेवा नाहीतर नल वर आयडी मागून पेज पडतं.

रिटर्निंग हळूहळू बाकीच्यांनीही घेतलंय, मारियाडीबीत इन्सर्टला १०.५ पासून आणि एसक्यूलाइटमध्ये २०२१ च्या ३.३५ पासून. मायएसक्यूएलवाले आपण अजून लास्ट_इन्सर्ट_आयडी() वरच. एसक्यूलाइटची जुनी पद्धत लास्ट_इन्सर्ट_रोआयडी(), तीही कनेक्शनपुरती, आणि पायथनच्या एसक्यूलाइट३ मध्ये कर्सरचा लास्टरोआयडी बरोबर चालतो. जावात प्रिपेअर्ड स्टेटमेंट बनवतानाच रिटर्न_जनरेटेड_कीज सांगून ठेवायचं, नंतर गेटजनरेटेडकीज(), आणि त्या रिझल्टसेटवर नेक्स्ट() मारायला विसरायचं नाही.

एसक्यूएल सर्व्हरला जरा वेळ देऊ, कारण तिथे चार दारं आहेत आणि त्यातली दोन फसवी. पहिलं अॅट-अॅट-आयडेंटिटी. हे तुमच्या सेशनमधली शेवटची आयडेंटिटी सांगतं पण स्कोप बघत नाही, म्हणजे ती तुमच्या कोडने बनवली की ट्रिगरने हे बघत नाही. मी एका कंपनीचा जुना इन्व्हॉइसचा कोड सांभाळत होतो, त्यात सगळीकडे हेच होतं आणि अनेक वर्षं कुणालाच त्रास नव्हता. मग कुणीतरी इन्व्हॉइस टेबलावर ऑडिटचा ट्रिगर लावला, जो प्रत्येक इन्सर्टला ऑडिट टेबलात एक रो टाकणार, आणि त्या रात्रीपासून इन्व्हॉइसच्या ओळींना ऑडिटच्या रोचे आयडी चिकटायला लागले. आमच्या कोडमध्ये एक अक्षर बदललेलं नव्हतं म्हणून आम्ही दोन दिवस चुकीच्या जागी शोधत होतो. दुसरं फसवं दार आयडेंट_करंट(), ते टेबलाचा शेवटचा आयडी देतं पण कुणीही टाकलेला, कुठल्याही सेशनमधला, म्हणजे मॅक्सच नाव बदलून आलाय. बरोबर दार स्कोप_आयडेंटिटी(), २००० च्या व्हर्जनपासूनचं, पण ते इन्सर्टच्याच बॅचमध्ये हवं, म्हणजे एकाच कमांडच्या मजकुरात इन्सर्ट, अर्धविराम, सिलेक्ट स्कोप_आयडेंटिटी(). वेगळ्या कमांडमध्ये विचारलं तर बऱ्याचदा नल हातात पडतो. सी शार्पमध्ये हे एक्झिक्यूटस्केलरने वाचताना सरळ इंटमध्ये कास्ट करू नका, ते डेसिमल येतं आणि कास्ट एक्सेप्शन फेकतं, कन्व्हर्ट टू इंट३२ करा. या एका ओळीपायी मी अर्धी दुपार घालवलीय.

चौथं दार आउटपुट इन्सर्टेड डॉट आयडी, २००५ पासूनचं, रिटर्निंगसारखंच, एकापेक्षा जास्त रो असतील तर हेच. पण टेबलावर ट्रिगर चालू असेल तर नुसतं आउटपुट चालत नाही, इनटू लावून टेबल व्हेरिएबलमध्ये घ्यावं लागतं. एंटिटी फ्रेमवर्क कोअर ७ वर अपग्रेड केल्यावर ज्यांच्या ट्रिगरवाल्या टेबलांवर सेव्ह व्हायचं बंद झालं त्याचं कारण हेच, फ्रेमवर्क आतून आउटपुट वापरायला लागलं. टेबलाला ट्रिगर आहे हे कॉन्फिगरेशनमध्ये सांगितलं की ते जुन्या पद्धतीने जातं.

ओआरएम, म्हणजे टेबलाची रो ऑब्जेक्टसारखी वापरू देणारी लायब्ररी, वापरत असाल तर बहुतेक वेळा हे सगळं आतल्या आत होतं. जँगोत सेव्ह() केल्यावर ऑब्जेक्टचा पीके भरलेला असतो, लाराव्हेलमध्ये मॉडेलचा आयडी, आणि मॉडेल न वापरता क्वेरी बिल्डरने टाकत असाल तर इन्सर्टगेटआयडी(). एसक्यूएलअल्केमीत अॅड() केल्याने आयडी येत नाही, फ्लश() केल्यावर येतो, कमिटपर्यंत थांबायची गरज नाही. जँगोच्या बल्क_क्रिएटवर मात्र डोळे झाकून विसंबू नका, पोस्टग्रेसवर आयडी भरून येतात, मायएसक्यूएलवर नाही.

आता आयडी हातात आला, आणि खजिनदारकाकांचा दुसरा फोन. "१३१ नंतर एकदम १३३ कशी? १३२ कुठे गेली?" त्यांचं बरोबर आहे, पावतीपुस्तकात मधला नंबर गायब म्हणजे हिशोब तपासणारा पहिला प्रश्न तोच विचारणार. पण ऑटो इन्क्रिमेंटने सलग नंबरचं वचन कधी दिलेलंच नाही. इन्सर्ट केलं आणि रोलबॅक झालं की रो जाते, नंबर परत येत नाही, पोस्टग्रेसच्या सीक्वेन्सचंही तेच. एसक्यूएल सर्व्हरमध्ये तर २०१२ पासून सर्व्हर अचानक बंद पडून चालू झाला की इंट कॉलमची हजाराची उडी बसू शकते. उलट मायएसक्यूएल ५.७ आणि त्याआधी इनोडीबीचा (मायएसक्यूएलचं नेहमीचं स्टोरेज इंजिन) काउंटर मेमरीतच असायचा, शेवटची रो डिलीट करून सर्व्हर रीस्टार्ट केला की तोच आयडी दुसऱ्याला मिळायचा, ८.० मध्ये ते सुधारलं.

म्हणून माणसांना दाखवायचा पावती क्रमांक आणि टेबलाचा आयडी हे दोन वेगळे कॉलम ठेवा. पावती क्रमांकासाठी एका रोचं छोटं काउंटर टेबल करा आणि पावतीच्याच ट्रान्झॅक्शनमध्ये अपडेट काउंटर सेट क्रमांक = लास्ट_इन्सर्ट_आयडी(क्रमांक + १) मारा, वरचीच युक्ती, लगेच पुढे लास्टइन्सर्टआयडी() विचारलं की नवा क्रमांक हातात. अपडेटने ती रो कमिटपर्यंत लॉक राहते म्हणून दुसरा कार्यकर्ता क्षणभर थांबतो, आणि रोलबॅक झालं तर काउंटरही मागे जातो, नंबर गळत नाही. पोस्टग्रेसमध्ये अपडेटलाच रिटर्निंग लावा. टेबल इनोडीबीचंच असू द्या, मायआयसॅम या जुन्या इंजिनमध्ये ट्रान्झॅक्शन नाही. हे थोडं हळू असतं पण वर्गणीच्या पावत्या सेकंदाला हजार फाटत नाहीत.

पावती सेव्ह झाली की तिथेच पेज दाखवू नका, आयडी लावून दुसऱ्या पत्त्यावर रिडायरेक्ट करा, नाहीतर माणूस रिफ्रेश करतो आणि दुसरी पावती फाटते. आणि त्या पत्त्यात नुसता ११८ ठेवला तर कुणीही ११९ टाइप करून शेजाऱ्यांनी किती दिले ते बघणार, आणि बघतातच. एकतर लॉगिन तपासा, नाहीतर प्रत्येक पावतीला एक लांबलचक रँडम टोकन देऊन पत्त्यात ते ठेवा.

काही जण म्हणतात की एवढं कशाला, यूयूआयडी (जवळपास कधीच पुन्हा न येणारा लांब आयडी) वापर, आयडी आपणच आधी बनवायचा आणि इन्सर्टमध्ये द्यायचा, परत मागायचा प्रश्नच नाही. खरंय, मोबाइल अॅप ऑफलाइन चालवायचं असेल तर मी तेच करीन. फक्त इनोडीबी रो प्रायमरी कीच्या क्रमाने साठवतं, त्यामुळे पूर्ण रँडम म्हणजे व्हर्जन ४ चे यूयूआयडी मोठ्या टेबलात इन्सर्ट इकडेतिकडे विखुरतात. २०२४ च्या नव्या स्टँडर्डमधलं व्हर्जन ७ वेळेनुसार वाढत जातं, ते घ्या.

शेवटी टेस्ट कसं करायचं ते, कारण पन्नास वेळा एकट्याने बटण दाबून काही सिद्ध होत नाही हे मी करून बघितलंय. इन्सर्ट आणि आयडी विचारण्याच्या मध्ये पीएचपीचंच स्लीप(५) टाका, डेटाबेसचं नको, ती मधली दुसरी क्वेरी ठरेल. मग दोन ठिकाणांहून पाच सेकंदांच्या आत फॉर्म सबमिट करा. एकाच ब्राउझरचे दोन टॅब घेऊ नका, सेशन चालू असेल तर पीएचपी त्या सेशनची फाइल लॉक करतं आणि दुसरी रिक्वेस्ट पहिली संपेपर्यंत थांबते, टेस्ट पास झाल्यासारखी वाटते. एक साधी विंडो, एक इनकॉग्निटो. पीएचपीचा स्वतःचा छोटा सर्व्हर वापरत असाल तर तोही एका वेळी एकच रिक्वेस्ट घेतो, त्याला पीएचपी_सीएलआय_सर्व्हर_वर्कर्स हे एन्व्हायर्न्मेंट व्हेरिएबल चार वगैरे देऊन चालू करा, नाहीतर अपाचेवर बघा. मॅक्सवाला कोड असा चालवलात तर पहिल्याच फटक्यात दोन्हीकडे एकच आयडी दिसेल.

टेस्ट झाली की अपलोड करायच्या आधी ते स्लीप काढा. मी एकदा विसरलो होतो, आणि काका चारचौघांत अभिमानाने सांगत होते की आमची साइट नीट हिशोब जुळवून मगच पावती देते.